जुने भिंग

रायपुरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आम्ही 58 मिलिमीटरचे सोव्हिएत ‘हेलिओस’ भिंग विकत घेतले. घेण्यापूर्वी विजेरी लावून आरपार पाहिले. इकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते व तिचे व्रण पुष्कळदा पुसूनही जात नाहीत. आरसा नसलेल्या आमच्या डिजिटल कॅमेऱ्यावर 42 मिलिमीटर आट्यांचे हे भिंग एका साध्या अडॅप्टरने बसले. छिद्र लहानमोठे करणे, रेखीवपणा साधणे, सारे मात्र हातानेच! वृद्ध आईचे छायाचित्र घेताना भिंगाचे कडे फिरवीत आम्ही तिच्या डोळ्यांत जितका वेळ पाहिले, तितका वेळ पूर्वी कधी पाहिले असेल, असे वाटत नाही.

“झालं का रे?” तिने विचारले.

“अजून नाही,” आम्ही म्हणालो.