लवंगांच्या बेटावर

लवंग आपल्या घरात मोठ्या मानाने वावरते. विड्याला टोचायला ती, दुखऱ्या दाढेखाली धरायला ती, आणि मसालेभातात दाताखाली आली की कुरकुरही तिच्याच नावाने! पण ही मुळात फळ, बी की साल, असे कुणी विचारलेच, तर भलेभले गृहस्थ स्वयंपाकघराकडे पाहू लागतात.

यंदा सौ.सह झांझिबारला जाण्याचा योग आला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे, टांझानियातले हे बेट. शहराबाहेर किझिंबानी आणि किडिचीच्या बाजूला मसाल्यांचे मळे आहेत. मळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सरी-वाफे येतात. इथे तसे काही नाही. नारळ, फणस, केळी यांच्या दाटीत दालचिनी उभी, मिरीचा वेल झाडावर चढलेला आणि वेलदोडे अगदी बुडाशी, मातीलगत. कोकणातल्या एखाद्या परसात शिरल्यासारखे वाटते.

आमचा वाटाड्या हसतमुख तरुण होता. पान चुरगळायचे, आमच्या नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "ओळखा!" मी पहिल्या दोन डावांतच बाद झालो. सौ. मात्र भराभर नावे सांगत सुटली. तिला हरवले ते एकट्या व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेने. कारण मुरवून वाळवल्यावाचून त्या शेंगेला वासच येत नाही.

मग लवंगेचे झाड आले. चांगले दोन-तीन मजले उंच! लवंग म्हणजे या झाडाची न उमललेली कळी. ती गुलाबी होऊ लागली की खुडायची. उमलली की तिची किंमत गेली. मग चटईवर कित्येक दिवस उन्हात वाळवायची, तेव्हा कुठे तिला आपल्या ओळखीचा काळसर रंग चढतो.

"ही झाडे इथे लावली कुणी?" मी विचारले.

"सुलतानाने," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "म्हणजे सुलतानाच्या गुलामांनी."

लवंग मूळची इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती इथे आली. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने १८४० च्या सुमारास आपली राजधानीच इथे हलवली आणि लवंगांच्या बागा वाढवल्या. त्यासाठी आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून हजारो माणसे धरून आणली गेली. बागाइतदारांना कर्ज पुरवणारे सावकार मात्र पुष्कळसे आपल्याकडचे, कच्छ-गुजरातचे. त्यांच्या पदरीही गुलाम होते. १८६० साली ब्रिटिश वकील रिग्बी याने हिंदी लोकांकडचे हजारो गुलाम सोडवले, अशी नोंद आहे. गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. त्या जागी आज चर्च उभे आहे. कायद्याने गुलामगिरी सरायला मात्र १८९७ साल उजाडावे लागले.

पुढे १९३७ साली, तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांवर अन्याय होतो म्हणून, काँग्रेसने झांझिबारी लवंगांवर बहिष्कार पुकारला आणि तो प्रभावी ठरला. व्यापाऱ्यांसाठी आपल्या लोकांनी लवंग टाकली, हे खरेच. ती खुडणाऱ्या गुलामांसाठी कुणी टाकल्याचे माझ्या वाचनात नाही.

मळ्याच्या टोकाला एक बाई लवंगांच्या पुड्या घेऊन बसली होती. सौ.ने एक लवंग नखाने दाबून पाहिली. तेल सुटले. आता घासाघीस सुरू होणार म्हणून मी सवयीने चार पावले दूर सरकलो. कोथिंबिरीच्या जुडीवर चार मिरच्या मागून घेणारी ही बाई. पण त्या दिवशी सांगितली ती रक्कम मोजून ती मुकाट्याने निघाली.

मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "एवढ्या उंच चढून खुडायच्या, उन्हात बसून वाळवायच्या. त्यात आणखी भाव कसला करायचा?"