फुकटचें लोखंड

गेलें वर्षभर आमच्या घरांत लोखंड गाळण्याचा व चिलखतें घडविण्याचा एक उद्योग चालू आहे. त्याला भाता लागत नाहीं, घणाचा आवाज होत नाहीं, आणि कोळशाची काजळीही कोठें बसत नाहीं. आमच्या वडील बंधूंचा नातू रात्रीं अभ्यास आटोपल्यावर तासभर संगणकापुढें बसतो आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नांवाच्या खेळांत हा उद्योग करतो. दादांच्या मतें हा निव्वळ कालापव्यय होय. मुलाच्या मतें हा धंदा असून तोही नफ्याचा. आम्हीं जन्मभर हिशेबतपासणिसाचें काम केलेलें असल्यामुळें उभय पक्षांनीं आम्हांस पंच नेमलें. या चौकशीची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटण्याचें कारण इतकेंच कीं, तिचा निकाल खेळापुरता राहिला नाहीं.

ज्या वाचकांस अशा खेळांचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. हे खेळ आंतरजालावर चालतात. एका कल्पित राज्यांत देशोदेशींचे हजारों लोक एकाच वेळीं वावरत असतात. प्रत्येकानें एक सोंग घेतलेलें असतें, आणि तें सोंग लढतें, हिंडतें, व्यापार करतें व कसब शिकतें. १९९७ सालीं निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळांत शूरांच्या जोडीला लोहार, सुतार व शिंपीही होते. खेळणाऱ्यांपैकींच कित्येकांनीं तीं कामें आपण होऊन पत्करलीं. ‘रूनस्केप’ २००१ सालीं इंग्लंडांत निघाला. केंब्रिजची जॅजेक्स कंपनी तो चालविते. पुढें त्याचें रूप फार पालटलें, तेव्हां जुन्या रूपाची आवड असणाऱ्यांसाठीं २००७ मधील प्रत पुन्हां बाहेर काढून २०१३ सालीं ती वेगळी चालूं करण्यांत आली. आमच्या घरीं चालतो तो हा जुन्या वळणाचा खेळ.

त्यांतील लोहारकीची रीत अशी. कुदळीनें खडक फोडून खनिज काढावयाचें, तें भट्टींत गाळून कांब करावयाची, आणि कांब ऐरणीवर ठोकून वस्तु घडवावयाची. साध्या भट्टींत नुसतें लोहखनिज घातलें तर सुमारें निम्मे वेळां तें वायां जातें. पोलादाच्या एका कांबेस एक भाग लोहखनिज व दोन भाग कोळसा लागतो. अशा पांच कांबी ठोकल्या म्हणजे एक चिलखत होतें. प्रत्येक कृतीबरोबर अनुभवाचे कांहीं गुण मिळतात, आणि गुण सांठले कीं कसबाची एक पायरी चढतां येते. अशा पायऱ्या ९९. शेवटच्या पायरीस १,३०,३४,४३१ गुण लागतात. ९२व्या पायरीवर पोहोंचलेल्या मनुष्यास वाटतें कीं, शिखर आतां आलेंच. तों त्यास कळतें कीं, आपले गुण अवघे निम्मे झाले आहेत. आमच्याकडील गवयांस व वैयाकरणांस हा अनुभव नवा वाटूं नये.

आम्हीं मुलास एक वही घालून दिली व रोजचा जमाखर्च लिहावयास सांगितलें. या खेळांत २०१५ पासून ग्रँड एक्स्चेंज या नांवाची पेढी आहे. तेथें विकणारा आपला माल व भाव नोंदवितो, घेणारा आपली मागणी नोंदवितो, आणि दोहोंचा मेळ बसला कीं सौदा होतो. त्यामुळें भाव समजण्यास अडचण पडली नाहीं. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या तेव्हां असें दिसून आलें कीं, पांच पोलादी कांबी जशाच्या तशा विकल्या असत्या तर जितकीं नाणीं आलीं असतीं, त्यांहून पुष्कळच कमी नाणीं चिलखत विकून आलीं होतीं. हातोड्याचा प्रत्येक घाव मालाची किंमत वाढविण्याऐवजीं घटवीत होता!

कारण शोधूं जातां तें फार दूर नव्हतें. या बाजारांत कांबी विकत घेणारे पुष्कळजण अंगांत घालण्यासाठीं चिलखत घडवीत नाहींत. ते गुणांसाठीं घडवितात. ते विद्यार्थी आहेत, आणि कांबेची चढी किंमत ही त्यांची फी आहे. शिकाऊ हातांखालून निघालेलीं चिलखतें मात्र ढिगांनीं बाजारांत येऊन पडतात, आणि घालणारे थोडे असतात. वरच्या पायरीवर तर याहून मोठी गंमत आहे. रून नांवाच्या धातूचें चिलखत घडविण्यास लोहारकीची अगदीं शेवटची, ९९वी पायरी लागते. तें अंगांत चढविणाऱ्या योद्ध्यास संरक्षणाची ४०वी पायरी आणि एका ड्रॅगनाचा वध एवढें पुरतें. शिवाय अशीं कितीतरी चिलखतें कोणाच्या अंगावर चढतच नाहींत. किमयेचा एक मंत्र आहे, त्यानें वस्तूचीं तत्काळ नाणीं होतात. या चिलखताचीं ३९,००० नाणीं मिळतात, आणि अव्वल कारागिराची कृति एका मंत्रासरशी नाहींशी होते.

हा हिशेब आम्हीं वाचून दाखविला तेव्हां मुलानें शांतपणें उत्तर दिलें, “पण आजोबा, लोखंड मीं विकत कुठें घेतलें? मींच खणलें. तें फुकटचें. मग चिलखताचें जें येईल तो सगळा नफाच कीं!”

युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि तो एकट्या मुलाचा नव्हे. आइसलंडमध्यें तयार झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ सालच्या खेळांत जवळजवळ सगळीं अंतराळयानें खेळणारेच बांधतात. तेथेंही नवखे खाणकरी हेंच म्हणतात, व जुने व्यापारी त्यांची समजूत घालीत बसतात. खनिज पिशवींत पडलें त्याच क्षणीं त्यास बाजारभाव लागू झाला. तें विकतां आलें असतें. न विकतां भट्टींत घातलें, तेव्हां तेवढी किंमतच भट्टींत घातली. मुलाच्या वहींत वास्तविक दोन धंदे होते. खाणीचा धंदा किफायतीचा होता, लोहारकीचा तोट्याचा होता, आणि ‘फुकट’ या एका शब्दाच्या आड पहिल्याची कमाई दुसरा मुकाट्यानें खात होता.

आमच्या वहिनी तेथेंच वाटाणे सोलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, हाच हिशेब एकदां आपल्या घरच्या लोणच्याला लावून पाहा.”

दादा हसले. आम्हीं मात्र दुसरें पान काढलें, कारण प्रश्न हिशेबाचा होता. लोणचें, पापड, सांडगे, मेतकूट, दिवाळीचा फराळ यांच्याविषयीं ‘घरचें आहे, विकत थोडेंच आणलें?’ हें वाक्य आमच्या घरांत तीन पिढ्या चालत आलेलें आहे. वाचकांच्या घरांतही तें अपरिचित नसावें. आम्हीं गेल्या मोसमांतल्या कैऱ्या, मोहरी, तेल, मीठ व हिंग यांचा खर्च काढला. मग वहिनींचे व दोन्ही सुनांचे त्या कामीं गेलेले तास मांडले, आणि घरीं येणाऱ्या स्वयंपाकीणबाईंस आम्ही जो दर देतों तोच त्यांस लावला. बेरीज दुकानांतील तेवढ्याच लोणच्याच्या किंमतीहून बरीच वर गेली. दादांनीं ती दोनदां तपासली. ती बरोबर होती. मग ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

वहिनीच म्हणाल्या, “लोणचें बंद करा असें मी म्हणत नाहीं. मला तें घालायला आवडतें. फुकटचें म्हणूं नका, एवढेंच.”

आमचा निकाल लिहितांना हें बोलणें फार उपयोगीं पडलें. कारागिरी परवडते ती, प्रथमतः, जेथें माल वापरून संपतो तेथें. पोलादाच्या एका कांबेचे चार तोफगोळे होतात. ते डागले कीं संपले, म्हणून उद्यां पुन्हां गिऱ्हाईक आहेच. ईव्हमध्यें नष्ट झालेलें यान परत मिळत नाहीं. जानेवारी २०१४ मधील एका लढाईंत टायटन जातीचीं ७५ प्रचंड यानें नाश पावलीं, आणि त्यांच्या जागीं नवीं हवीं असतील तर तीं खेळणाऱ्यांनींच बांधावयाचीं. दुसरें, जेथें घडविणाऱ्याची ओळख राहते तेथें. अल्टिमामध्यें कसबाच्या वरच्या पायरीवरील कारागीर उत्कृष्ट वस्तूवर आपलें नांव घालूं शकतो. शस्त्रें झिजतात, आणि तीं दुरुस्त करावयासही कारागीरच लागतो. तिसरें, जेथें करणाऱ्यास त्या कामाचीच गोडी आहे तेथें. मात्र त्या गोडीची किंमत आपण देत आहों हें त्यास ठाऊक असावें.

दादांचा एक प्रश्न उरला होता: या नाण्यांनीं वाणसामान येतें काय? येत नाहीं. तीं नाणीं खेळाबाहेर पैसे घेऊन विकणें नियमांविरुद्ध आहे. तेव्हां ‘धंदा’ हा मुलाचा दावा आम्हीं फेटाळला. परंतु ‘कालापव्यय’ हा दादांचा दावाही आम्हांस मान्य करवेना. आमच्यासारख्या लेखणीवर जगणाऱ्या घरांत वस्तु कशी घडते, तिला काय काय लागतें व तिची किंमत कोण ठरवितो, या गोष्टी मुलांच्या कानांवर फारशा येत नाहींत. या मुलास त्या आतां कळतात, आणि त्याच्यामुळें घरांतल्या वडील मंडळींनाही थोड्या कळल्या.

म्हणून तासभर खेळण्यास परवानगी कायम राहिली. अट एवढीच कीं, वहींत खाण व लोहारकी यांचीं खातीं निरनिराळीं ठेवावीं. हल्लीं मुलगा बहुतेक कांबी तशाच विकतो. खेळांत नव्यानें आलेल्या एका शाळासोबत्यासाठीं त्यानें मध्यंतरी एक चिलखत घडविलें, त्याचा तोटा ‘हौस’ या सदराखालीं लिहिलेला आम्हीं पाहिला व मंजूर केला. यंदाच्या मोसमांत लोणच्याच्या कैऱ्या फोडण्याचें काम दादांनीं व आम्हीं घेतलें. आमचे तासही वहिनींनीं मांडले. परंतु फोडी लहानमोठ्या झाल्यामुळें स्वयंपाकीणबाईंचा दर आम्हांस लावतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि तें आम्हांस मान्य करावें लागलें.