बाळंतिणीचा अर्धा तास

आमच्या घरीं माळ्यावर जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्या पहिल्या साठ-सत्तर पानांवर भूमितीचे सिद्धांत व त्यांच्या सिद्धता माझ्या अक्षरांत आहेत. त्यानंतर एकदम दुधाचा हिशेब सुरू होतो : दीड लिटर म्हशीचें, अर्धा लिटर गाईचें, अमुक तारखेस गवळी आला नाहीं. तो हिशेबही माझ्याच अक्षरांत आहे, आणि मध्यें एकही पान कोरें सुटलेलें नाहीं. १९८४ सालच्या डिसेंबरांत मला पहिला मुलगा झाला, तेव्हांची ही गोष्ट. हिशेबाच्या पांचव्या पानापुढें पुन्हां एक त्रिकोण काढलेला आहे. मला सांगावयाचें आहे तें त्या त्रिकोणाविषयीं.

मी सांगलीस एका मुलींच्या शाळेंत गणित शिकवीत असें. पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाचें ही आपल्याकडील रीत. परंतु मी कॉलेजांत असतांनाच आई वारली होती, म्हणून माझें बाळंतपण सासरींच झालें. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें होतीं, आणि त्यांनीं माझें जें केलें त्यांत बोट ठेवावयास जागा नव्हती. सकाळीं तेल लावणारी बाई येई. मग कढत पाण्याचें न्हाणें, शेकशेगडी, ओव्याची व बाळंतशेपेची धुरी, कानाला फडकें, पोटाला पट्टा. डिंकाचे लाडू झाले, अळिवाचे झाले. ताटांतलें तूप कधीं चुकलें नाहीं. थोरल्या जाऊबाईंनीं सव्वा महिना मला पाण्याचा तांब्यासुद्धां उचलूं दिला नाहीं. आज डॉक्टर धुरीला नको म्हणतात, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून बाळाला गुटीही देऊं नये असें सांगतात, तें योग्यच आहे. तरी अळिवांत लोह भरपूर असतें, हें आमच्या आज्यांनीं प्रयोगशाळेंत न जातां ओळखलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. सुश्रुतानें प्रसूतेला दीड महिना ‘सूतिका’ म्हटलें आहे व तोंवर तिच्या आहारविहाराला नियम घालून दिले आहेत. आपला सव्वा महिना काय किंवा हल्लींच्या डॉक्टरांचे सहा आठवडे काय, दोन्ही त्याच्याच आसपास येतात.

शरीराची व्यवस्था अशी चोख होती. लग्नांत माझें नांव बदललें, तेव्हां मला त्याची फारशी खंत वाटली नव्हती. शाळेंत मुली मला ‘बाई’ म्हणत, आणि ती हांक मला दोन्ही नांवांहून अधिक आवडे. बारशानंतर मात्र मला कोणी कोणत्याच नांवानें हांक मारीना. “बाळाच्या आईला दूध द्या”, “बाळंतीण निजली का पाहा”. भेटावयास येणाऱ्या बायका आधीं पाळण्यांत वांकून पाहत आणि मग माझ्याकडे वळून “दूध पुरतें ना?” एवढें विचारीत. दूध पुरत होतें. याहून निराळें कांहीं कोणीं विचारलें असतें तर मी काय उत्तर दिलें असतें, तें माझें मलाच ठाऊक नाहीं.

कारण त्या दिवसांत मला जें होत होतें त्याला माझ्याजवळ शब्द नव्हता. मुलगा चांगला बाळसेदार होता. त्याला कुशींत घेतलें म्हणजे माया दाटून येते असें ऐकलें होतें. मला तो कोणीं तरी ठेव म्हणून सांभाळावयास दिल्यासारखा वाटे. तो झोंपला तरी मला झोंप येत नसे. न्हाणीघरांत पाण्याच्या आवाजांत मी रडून घेत असें. रात्रीं दुरून आगगाडीची शिटी ऐकूं आली कीं, आपण त्या गाडींत बसून निघून चाललों आहोंत असें चित्र डोळ्यांपुढें येई. गाडींत मूल नसे. मग त्या चित्राचीच भीति वाटे आणि पहाटेपर्यंत मी पाळण्याची दोरी हातांत धरून बसत असें. यजमान संध्याकाळीं येऊन मुलाला खेळवीत, मी हंसत असें. शाळेची रजा संपत आली होती. परत वर्गावर जावयाचें या विचारानें आनंद व्हावा तर पोटांत गोळा येई. जाऊबाईंनीं हिशेबाला वही मागितली तेव्हां मीच ती पुढें केली. कोणीं हिसकावून घेतली नव्हती, हें येथें प्रामाणिकपणें लिहिलें पाहिजे.

सासूबाई मराठी चौथी शिकलेल्या. बोलणें मोजकें आणि थोडें कडकच. मला त्यांची भीति वाटे. मुलाला दोन महिने झाले असतील. एके दिवशीं दिवेलागणीला त्या माझ्या खोलींत आल्या, पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर घेतलें, आणि मला माझ्या माहेरच्या नांवानें हांक मारली. त्या घरांत तें नांव मीं प्रथमच ऐकलें.

“तुझी ती गणिताची वही कोठें आहे?”

“दुधाच्या हिशेबाला घेतली आहे.”

“हिशेब उद्यांपासून कॅलेंडरावर लिहूं. ती घेऊन ये आणि बैस. रोज दिवे लागले कीं अर्धा तास पोर माझें. त्या वेळांत तूं पोराकडे पाहायचें नाहीं आणि स्वयंपाकघरांतही जायचें नाहीं.”

मीं वही उघडली. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकसंपाती असतात, हा सिद्धांत मी दर वर्षीं नववीच्या मुलींना शिकवीत असें. त्या संध्याकाळीं त्याची पहिली ओळसुद्धां मला आठवेना. आकृति काढली, दोन मध्यगा काढल्या, आणि हात थांबला. मी रडूं लागलें. सासूबाईंनीं मान वर केली नाहीं. “अर्धा तास झाला नाहीं अजून,” एवढेंच म्हणाल्या.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीं उरलेल्या शिरोबिंदूपासून त्या दोन मध्यगांच्या छेदनबिंदूपर्यंत रेषा काढली आणि ती तितकीच पुढें वाढविली, तेव्हां तेथें समांतरभुज चौकोन उभा राहिला आणि बाकीचें सगळें आपोआप उलगडलें. कथाकादंबऱ्यांतल्याप्रमाणें त्या क्षणीं मुलाविषयीं वात्सल्य उचंबळून आलें, वगैरे कांहीं झालें नाहीं. मला सपाटून भूक लागली, एवढें आठवतें. वात्सल्य पुढें महिना दीड महिन्यांत केव्हां तरी आलें. कोणत्या दिवशीं, तें सांगतां येणार नाहीं. रजा संपल्यावर मी शाळेंत गेलें. पहिल्या तासाला फळ्यावरची आकृति वांकडी आली आणि मुली हंसल्या, तें मला फार बरें वाटलें.

सासूबाईंना हें कसें कळलें, तें विचारण्याचा धीर मला मुलाच्या मुंजीपर्यंत झाला नाहीं. त्या वेळीं आम्ही दोघीच तांदूळ निवडीत बसलों होतों. त्या म्हणाल्या, “थोरल्याच्या वेळीं मी रोज तिन्हीसांजेला मागच्या आडावर जायची. घागर न्यायची विसरायची.” थोरले दीर १९४९ सालचे, सासूबाई तेव्हां सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या एका सोवळ्या चुलत सासूच्या तें ध्यानांत आलें. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच आडाच्या कांठावर पाट मांडून बसूं लागली आणि आपल्याला दिसत नाहीं म्हणून पोथी वाचून दाखव, असें तिनें सासूबाईंना सांगितलें. “तिला दिसत होतें सगळें,” असें म्हणून सासूबाईंनीं सूप पाखडलें. त्या विषयावर आम्ही पुन्हां कधीं बोललों नाहीं. २००१ सालीं त्या गेल्या.

माझ्याजवळ नव्हता तो शब्द पुढें मला वाचनांतून मिळाला. प्रसूतीनंतर स्त्रीच्या रक्तांतील संप्रेरकें एकाएकीं उतरतात. जागरण आणि थकवा असतोच. पहिल्या कांहीं दिवसांत विनाकारण रडूं येणें, चिडचिड होणें हें निम्म्याहून अधिक बायकांना होतें आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतें. तें ओसरलें नाहीं, वाढत गेलें, झोंपेची संधि असूनही झोंप येईना, मुलाविषयीं किंवा स्वतःविषयीं वेडेंवांकडें मनांत येऊं लागलें, तर मात्र तो आजार समजावा व डॉक्टरांना दाखवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणें जगांत नुकत्याच प्रसूत झालेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारे तेरा, आणि विकसनशील देशांत जवळजवळ वीस जणींना अशी मानसिक व्याधि, मुख्यतः उदासीनतेची, जडते. तो त्या बाईचा दोष नव्हे, कृतघ्नपणाही नव्हे. अंगांत रक्त कमी असलें किंवा कंठग्रंथीचें काम बिघडलें तरी अशीच अवस्था होऊं शकते, म्हणून रक्ताची तपासणीही करून घ्यावी लागते. आमच्या वेळीं सासूबाईंच्या उपायानें माझें भागलें, हें माझें नशीब. प्रत्येकीचें तेवढ्यानें भागत नाहीं.

हें सारें ठाऊक असून माझ्याच हातून काय घडलें, तें आतां लिहितें. २०२२ सालीं माझ्या सुनेला पहिली मुलगी झाली. ती पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहे. १९६१ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची रजा मिळे, ती २०१७ सालच्या दुरुस्तीनें सव्वीस आठवडे झाली आहे. म्हणजे विश्रांतीला तोटा नव्हता. तिची आई महिनाभर राहून गेली व मग मी दोन डबे लाडू घेऊन तेथें गेलें. लग्नाआधींपासून दर रविवारीं पहाटे वेताळ टेकडीवर चढून जाण्याचा तिचा नेम होता. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एकदां ती म्हणाली, “आई, मी रविवारीं टेकडीवर जाऊन येऊं का?” मी म्हणालें, “आतां कसली टेकडी? आतां तूं आई झालीस.” हें वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालें कीं, तें माझें नव्हेच असें मला वाटलें. ती पुन्हां कांहीं बोलली नाहीं. लाडवालाही तिनें हात लावला नाहीं; मला त्याचा राग आला होता, हेंही कबूल करतें.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनीं तिन्हीसांजेला ती नवव्या मजल्यावरच्या सज्जांत कठडा धरून उभी होती. दोरीवरचे कपडे तिनें काढले नव्हते. खालीं कोणाला पाहतही नव्हती. मला आड आठवला.

मीं मुलीला पाळण्यांत ठेवलें आणि सुनेला हाताला धरून आंत आणून बसविलें. आधीं आडाची गोष्ट सांगितली, मग आगगाडीची. मग सरळ विचारलें, “जगूं नये असें तुझ्या मनांत येतें का?” असें विचारल्यानें नसलेला विचार मनांत भरतो, अशी समजूत आहे, ती खरी नाहीं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “रोज येतें.” रात्रीं मुलगा घरीं आल्यावर तिनें स्वतःच त्याला सांगितलें. त्याचा चेहरा मला पाहवला नाहीं.

ती रात्र आम्हीं दोघांनीं तिला एकटी सोडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघें डॉक्टरबाईंकडे गेलों. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली, एडिंबरोच्या नांवानें ओळखली जाणारी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ती त्यांनीं तिला भरावयास दिली. शेवटचा प्रश्न मीं विचारलेल्याच जातीचा आहे. रक्त तपासलें, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविलें. त्यांनीं मुलीला पाजणें न सोडतां घेतां येईल असें औषध दिलें व दर आठवड्यास बोलावयास बोलाविलें. रात्रीं एकदां पाजण्यापुरतें तिनें उठावें, बाकीचें जागरण मुलानें करावें, असें ठरलें. तो पहिल्या आठवड्यांत दोनदां झोंपून राहिला, नंतर शिकला. गुण यावयास दीड-दोन महिने लागले, आणि मधले कांहीं दिवस तर आधींपेक्षांही वाईट गेले.

नोव्हेंबरांतल्या एका रविवारीं पहाटे ती टेकडीवर गेली. दूध काढून ठेवलें होतें. मी पाय लांब करून नातीला पायांवर घेतलें. गुडघे आतां पूर्वीसारखे राहिले नाहींत. पोरीनें वाटी-चमच्याचें दूध घेतलें नाहीं व पाऊण तास घर डोक्यावर घेतलें. मुलगा दोनदां फोन हातांत घेऊन आला, दोन्ही वेळां मीं त्याला नको म्हटलें. सूनबाई परत आली तेव्हां तिच्या बुटांना लाल माती लागली होती आणि मुलगी रडून रडून झोंपली होती. “त्रास दिला का हो तिनें?” तिनें विचारलें. मी म्हणालें, “छे, निजली होती.” हा अंक तिच्या हातीं पडला म्हणजे खरें काय तें तिला कळेल.