बस खाली, पटवारी!

नववीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, 'गेन ग्राउंड', आणि अर्थ विचारला. मी ताडकन उभा राहिलो. "जमीन मिळवणे, सर."

"बस खाली, पटवारी!"

वर्ग खदखदला. बरोबर उत्तर होतं आगेकूच करणे, जोर धरणे. दहावी सुटेपर्यंत मी पटवारीच राहिलो. आज पन्नाशी आली तरी ते हसू कानातून जात नाही.

कारण माझं उत्तर आभाळातून पडलं नव्हतं. आसेगावात आमचं थोडकं वावर. पूर्वेच्या धुरेकऱ्याचा वखर दर उन्हाळ्यात धुरा, म्हणजे मधला बांध, जरा जास्तच घासून जायचा. पेरणीआधी बाबा धुऱ्यावर पावलं मोजत फिरायचे आणि म्हणायचे, "खाल्ला ना बाप्पा अजून!" हिशेब करून पाहा. ज्वारीचा तास दीड फुटाचा, धुरा सहाशे फूट लांब. एक तास सरकला की 900 चौरस फूट गेले. अख्खा गुंठाच 1089चा. ना भांडण, ना कागद. धुऱ्यावरची बोरी तेवढी आमच्या बाजूकडून त्याच्या बाजूला गेली, आणि झाड काही चालत नाही.

पुढं कळलं, हा वाक्प्रचार मुळात लढाईतला. शत्रूला मागं रेटायचं आणि खरोखरची जमीन ताब्यात घ्यायची. मग अफवा, पक्ष, मतं, सगळेच 'ग्राउंड गेन' करू लागले. शर्यतीत पुढच्याला गाठत आणलं तरी हेच म्हणतात, फक्त मागं 'ऑन' लागतो. आमच्याकडं सोयाबीननं कपाशी-ज्वारीला मागं सारलं, तेही हेच. म्हणजे सरांचा अर्थ नातू आणि माझा आजोबा! मास्तरांनो, लेकराचं उत्तर चुकलं तर ते आलं कुठून, एवढं तरी विचारत जा.

बाबा थकल्यावर मी हट्टानं सरकारी मोजणी आणली. खुणा रोवल्या गेल्या. पूर्वेला आमचे तीन तास गेलेले निघाले. मी विजयानं बाबांकडं पाहिलं. मोजणीवाले पश्चिमेला वळले. तिकडं आम्हीच दुसऱ्याचे दोन तास खाऊन बसलो होतो.

बाबा काही बोलले नाहीत. पश्चिमेच्या धुऱ्याला वखर मीच धरायचो.