पाच पोती शिंपले

आमच्या कार्यालयाच्या लिलावाच्या यादीत, मोडक्या खुर्च्या आणि गंजके पंखे यांच्या मागोमाग, 'निरुपयोगी शिंपले, पोती पाच' अशी जी नोंद वळणदार अक्षरात केली होती, ती आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकास जाते.

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी विहीर खणताना लागलेली ही पुरातन कालवे मी थरवार वेगळी करून, पोत्यांना चिठ्ठ्या बांधून, कवचांवरून जुन्या काळचा पाऊस ताडण्यासाठी आणली होती. बाकी खटाटोप सांगत नाही. हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 साली जुरासिक काळातील एका सागरी जीवाच्या अवशेषातील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण मोजून त्याने पाहिलेले तीन उन्हाळे आणि चार हिवाळे ओळखले, ते आता सर्वश्रुतच आहे. आमच्या खाडीत मात्र गोम अशी, की पाणी तापले तरी कवचातला जड प्राणवायू घटतो आणि पावसाचे गोडे पाणी शिरले तरीही घटतो. शिवाय एखादे कालव ओढ्याच्या तोंडाशीच वाढले असेल तर त्याची साक्ष अवघ्या खाडीची म्हणता येत नाही, म्हणून एकेका थरातली दहावीस कालवे तपासावी लागतात.

लिलावात ती पोती एका चुनाभट्टीवाल्याने घेतली. मी भट्टीवर धावत पोहोचलो तेव्हा चार पोती आत गेली होती. हे प्रमाण मोजायला लागणाऱ्या ज्या कर्बवायूसाठी आम्ही कवचाच्या चिमूटभर भुकटीवर फॉस्फरिक आम्ल सोडतो, तोच वायू सकाळपासून भट्टीच्या तोंडातून फुकट आभाळात चालला होता! पाचवे पोते फाटून त्यातला माल यंदाच्या शिंपल्यांत मिसळला होता. "साहेब, हवे ते निवडून घ्या, पैसे नकोत," भट्टीवाला म्हणाला. आणि मी दिवेलागणीपर्यंत राखेत उकिडवा बसून काळवंडलेली कालवे वेचली, पण चिठ्ठीच हरवल्यावर ती कोणत्या थराची, हे कोण सांगणार?

नमुन्यांचे निर्लेखन शास्त्रज्ञाच्या सहीवाचून होऊ नये, असा हुकूम निघायला हवा, हे मी तावातावाने सर्वांना ऐकवीत आलो. परंतु ती यादी लिहिणाऱ्या कारकुनाने त्याआधी मला तीन तगादे धाडले होते, आणि 'सदर शिंपल्यांचा कार्यालयीन उपयोग काय?' हा प्रश्न अपमानकारक वाटून मी एकाचेही उत्तर दिले नव्हते. लहानपणी मीही टोपल्या भरभरून शिंपले अशाच भट्टीवर विकले आहेत. आमच्या घराच्या भिंती त्याच चुन्याच्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान वाटतो.

वरच्या थरातले एक कालव तेवढे मेजाच्या खणात राहिले होते. त्याच्या कवचावरील वाढीच्या चौथ्या रेषेपाशी जड प्राणवायू एकाएकी घसरलेला दिसतो. ती अतिवृष्टी होती, की जवळून वाहणारा नुसता ओढा?