पाण्याची शुश्रूषा

मासा आजारी आहे हे कळायलाच मुळात उशीर होतो. गाय रवंथ थांबवते, शेळी कळपामागे रेंगाळते, कोंबडी पंख पाडून कोपरा धरते. जनावराचं दुखणं ओळखायला बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या धाड गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पोरं ते बघत बघतच मोठी होतात. मासा मात्र कण्हत नाही. डोळे मिटून घेत नाही, कारण त्याला पापण्याच नसतात. तो फक्त हलायचा थांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं, विसावला असेल.

मंगल कार्यालयातला तो फायटर मासाही सगळ्यांना विसावलेलाच वाटत होता. लग्न डिसेंबरातलं. स्वागताच्या टेबलांवर शोभेसाठी काचेचे गोल बाऊल मांडलेले, तळाला रंगीत खडे, वर झेंडूच्या पाकळ्या आणि मधे एकेक मासा. एका बाऊलमध्ये मात्र दोन नर एकत्र सोडलेले होते. त्यातला एक मेला होता. पाहुणे पांगल्यावर सजावटवाल्याकडचा पोरगा एकेक बाऊल मोरीकडे नेत होता. मी विचारलं तर म्हणाला, "घेऊन जा काका, नाहीतरी ओतूनच द्यायचेत." उरलेल्याची अर्धी शेपटी झडली होती, राहिलेल्या कडा काळवंडल्या होत्या, एका कुशीवरचे खवले निघून तिथे पांढुरका थर धरला होता आणि उजवा डोळा दुधाळ झाला होता. तो तळाशी आडवा पडून होता. मधूनच सगळी ताकद लावून वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली बसायचा.

हा हवेचा घोटच त्याला तारून होता. फायटर माशाला, म्हणजे बेट्टाला, कल्ल्यांखेरीज डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला नागमोडी पडद्यांचं एक वेगळं इंद्रिय असतं आणि त्यातून तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. थायलंडमधली भातखाचरं, उथळ डबकी आणि संथ ओढे हे त्याचं मूळ घर. तिथल्या कोंदट पाण्यात प्राणवायू कमी असतो म्हणून निसर्गाने ही सोय केली. माणसाने तिचा अर्थ असा लावला की या माशाला वाटीभर पाणी पुरतं. पुरत नाही. तो लगेच मरत नाही, एवढंच खरं आहे.

पहिला उपचार ऊब हा होता. आमची घाटावरची थंडी माणूस गोधडीत निभावून नेतो, पण या माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. त्याला 24 ते 28 अंश लागतात. पाणी सतरा-अठरावर उतरलं की त्याचं पचन मंदावतं आणि जखम भरून काढणारी आतली यंत्रणाही मंदावते. एरोमोनास, स्यूडोमोनास हे जिवाणू पाण्यात एरवीही असतात. धडधाकट माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना आत येऊ देत नाही. थर फाटला, मासा गारठला, पाणी घाण झालं की तेच जिवाणू पर कुरतडायला लागतात. मत्स्यालयवाले याला फिन रॉट म्हणतात. हीटर होता, पण वीज जाते तेव्हा तो काय कामाचा? म्हणून काचेचा टब थर्मोकोलच्या पेटीत बसवला, भोवती जुनी चादर गुंडाळली आणि वरून झाकण ठेवलं. झाकणाचंही कारण आहे. मासा जी हवा पितो ती गार असली तर त्या नाजूक इंद्रियाला बाधते. पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहायला हवी. पाण्याची पातळी वीतभरच ठेवली, म्हणजे अशक्त जिवाला वर यायला फार झगडावं लागू नये.

आणि मग पाणी. माशाची शुश्रूषा म्हणजे नव्वद टक्के पाण्याची शुश्रूषा, हे मला या दिवसांत पुरतं पटलं. आपण आजारी माणसाला खोलीत निजवतो आणि औषध त्याच्या तोंडात घालतो. मासा ज्यात निजतो त्यातच श्वास घेतो, त्यातच खातो आणि त्यातच मलमूत्र टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. मोठ्या, जुन्या पाण्यात नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि विषाची धार जाते. गोल बाऊलमध्ये हे जिवाणू रुजायला ना जागा असते ना वेळ. तिथे मासा आपल्याच विषात भिजत राहतो. त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी काळ्या खडकातून आलेलं, जड. दोन दिवसांत पातेल्याला पांढरा थर धरतं. असं पाणी अल्कधर्मी असतं आणि सामू जितका चढेल तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. माणसाला ती कॉलऱ्या-काविळीपासून वाचवते, माशाचे कल्ले मात्र जाळते. म्हणून एक उघडी बादली कायम भरून ठेवलेली असायची. दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातो. मग ते पाणी टबाइतकंच कोमट करायचं आणि जुन्यातलं थोडं काढून तेवढंच अलगद ओतायचं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे एक बादली माशासाठी राखून ठेवायची म्हणजे घरातल्या सगळ्यांची संमती लागते. ती मिळाली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आमच्याच जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. काळ्या खडकात उल्केने पाडलेल्या त्या विवरातल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास; बहुतेक मासे तिथे जगू शकत नाहीत. तरी ते मेलेलं पाणी नाही. 2020च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं ते त्यातल्या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळेच. पाणी चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे, ते कुणाचं घर आहे हे विचारायला हवं. हा मासा माझ्या घरी आला तेव्हा मला त्याच्या घरचं पाणी ठाऊक नव्हतं. ते शोधणं हाच उपचार होता.

त्या शोधात शाळेच्या आवारातलं बदामाचं झाड कामी आलं. आपण ज्याला देशी बदाम म्हणतो त्याची मोठी तांबूस पानं थंडीत गळतात. ती धुऊन, वाळवून टबात सोडली की पाण्याला चहाचा रंग येतो. पानातली टॅनिनं पाणी किंचित आम्लाकडे झुकवतात आणि बुरशी-जिवाणूंना थोडा आळा घालतात. थायलंडमधले मासेपालक हीच पानं फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. सोबत खडेमीठ, लिटरला ग्रॅमभर, वेगळ्या भांड्यात विरघळवून आणि थोडेच दिवस. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपुलकीने पाहिलं आणि मोकळेपणाने सांगितलं की त्यांचं शिक्षण गाई-म्हशींचं. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मत्स्य महाविद्यालयं नागपूरला आणि उदगीरला आहेत, पण ती इथून दूर आणि तिथला मुख्य भर रोहू-कटल्यासारख्या खाण्याच्या माशांवर. शोभेच्या माशाला आपल्या खेड्यांत वैद्य नाही. विकणारे आहेत.

शेजारचे एक भाऊ रोज डोकावायचे. एकदा म्हणाले, "शंभर-सव्वाशेचा मासा, भाऊ. त्यापायी एवढं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरात भावाअभावी पडून राहिलेलं सोयाबीन असलेला माणूस हिशेब मांडणारच. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येतं तिथे एका माशाची काळजी शोभते का, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. मला वाटतं, करुणा ही काही ठरावीक मापाची नसते, की माशाला दिली म्हणून माणसाच्या वाट्याची उणी व्हावी. ज्या भाऊंनी हिशेब विचारला तेच वीज गेलेल्या एका रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन आले.

धाडच्या पुढे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो आणि त्यात जाळीचा देव हे महानुभावांचं स्थान आहे. चक्रधरस्वामी तिथे वाघाच्या पिलांशी खेळले, असं सांगतात. त्यांची सशाची गोष्टही आपल्याला ठाऊक आहे: पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा त्यांच्या मांडीखाली शिरला आणि त्यांनी तो दिला नाही. मला त्या गोष्टीत नेहमी एक बारकावा दिसतो. स्वामींनी सशासाठी फारसं काही केलं नाही. त्यांनी जागा दिली आणि ते हलले नाहीत. आजारी माशाजवळ नेमकं हेच कठीण जातं. आपल्याला सतत काहीतरी करावंसं वाटतं: आणखी एक औषध, आणखी एक दाणा, काचेवर बोटाची टिचकी. त्याला हवा असतो अंधार, ऊब, स्थिर पाणी आणि उपवास. मासा आपला आपणच बरा होतो. आपण फक्त त्याच्या आड यायचं नसतं.

वेदना माशाला होतात का, हाही प्रश्न लोक विचारतात. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यात वेदना टिपणारी चेतातंतूंची टोकं दाखवली. ओठांत आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते आणि अन्नाला तोंड लावत नव्हते. त्यावर वाद चालू आहेत. मला मात्र त्या कुशीवरच्या जखमेकडे पाहून वाद घालावासा वाटला नाही.

बेट्टाचं लढणं हा माणसाने वाढवलेला गुण आहे. रानातले दोन नर हद्दीसाठी भिडतात आणि हरणारा निघून जातो. बाऊलमध्ये निघून जायला वाट नसते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणूस हा मासा निदान हजार वर्षं पाळत आला आहे, म्हणजे 'लीळाचरित्र' लिहिलं जाण्याच्याही आधीपासून. आधी झुंजीसाठी, मग रंगासाठी, मग शेपटीसाठी. आता काहींची शेपटी इतकी लांब आणि जड केलेली असते की पोहणं हेच ओझं होतं. थायलंडने 2019 साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, पण रानातल्या बेट्टाचं घर तिथेही आक्रसतं आहे. भातखाचरं आणि दलदली आटताहेत.

माझ्या घरच्या माशाची आधी भूक परतली. हौदातल्या डासांच्या अळ्या टाकल्यावर त्याने डाव्या, चांगल्या डोळ्याच्या बाजूने वळून एक टिपली. मग काळ्या कडांच्या पुढे एक पारदर्शक पातळ किनार दिसू लागली. पराची नवी ऊती अशीच येते, आधी बिनरंगाची, आणि रंग मागून भरतो. कुशीवरचा थर गेला. उजव्या डोळ्याचा दुधाळपणा कमी झाला, पुरता गेला नाही. त्या बाजूने त्याला आजही नीट दिसत नसावं. होळीच्या सुमारास पानाखाली बुडबुड्यांचा पुंजका दिसला. नर बेट्टा तोंडातल्या लाळेने हवेचे बुडबुडे बांधून घरटं करतो, त्यात अंडी ठेवतो, खाली पडलेलं अंडं तोंडाने उचलून पुन्हा वर लावतो आणि पिलं निघेपर्यंत पहारा देतो. मादी जवळ नव्हती, तरी त्याने घर बांधायला घेतलं होतं. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "आता हा राहतो."

आता तो वीस लिटरच्या टाकीत आहे, आणि त्याच्यासारखे किती मोरीत गेले असतील याचा विचार सुटत नाही. लग्नसराई पुन्हा येईल. मंडपाची, सजावटीची बोलणी करताना एवढं एक वाक्य जरूर सांगा: टेबलावर जिवंत मासे नकोत. वाढदिवसाला मुलांच्या हातात पिशवीतला मासा भेट म्हणून देऊ नका. आणि असा मासा तुमच्या घरी आलाच असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. आजच एक बादली पाणी उघडी भरून ठेवा.