पावसाच्या पाण्याची शाई

कुणाला कशाचा नाद असेल, काही सांगता येत नाही. आमच्या वर्गात कुणाला क्रिकेटचा आहे, कुणाला मोटारसायकलचा. आमच्या घराला मात्र तीन पिढ्यांपासून कागद-शाईचा नाद आहे. भाजी आणायला निघालेली मी स्टेशनरीच्या दुकानासमोर हमखास थबकते आणि कोथिंबिरीच्या पैशांची शिसपेन्सिल घेऊन घरी येते. आई चिडते. बाबा ती पेन्सिल हातात घेतात, नाकाशी नेतात आणि हळूच म्हणतात, "बरी हाय व!" मग आईही कपाळाला हात लावून गप्प बसते.

हा नाद घरात आणला आजोबांनी. मी त्यांना पाहिलेले नाही. ते दर्यापूरच्या एका आडतीवर दिवाणजी होते. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली आणि आडतीवरचा कापूस गेला. ज्वारी, तूर, मूग उरले. पण रोजमेळ आणि खतावणी तीच राहिली, आणि आजोबांचे अक्षरही तेच राहिले. त्यांची लाल कापडी बांधणीची एक चोपडी आमच्याकडे आहे. तीत एकाही आकड्यावर खाडाखोड नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे चूकही दिसली पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

शाई ते घरीच करीत. त्या काळी शाईच्या गोळ्या मिळत. १९३१ साली मुंबईत दि. प. दांडेकर यांनी 'हॉर्स ब्रँड' या नावाने शाईची भुकटी आणि गोळ्या काढल्या. आपण सर्वजण ज्या कॅमलच्या कंपासपेट्या वापरून मोठे झालो, त्या उद्योगाची ही सुरुवात. पुढे या कंपनीत जपानच्या कोकुयो कंपनीने मोठा हिस्सा घेतला. ही कोकुयो १९०५ साली ओसाकात निघाली ती हिशेबाच्या वह्यांची वेष्टने करण्यासाठी! हे वाचले तेव्हा मला आजोबांची चोपडी आठवली. दर्यापूर काय नि ओसाका काय, हिशेबाच्या वहीला चांगला पुठ्ठा हवा असे वाटणारी माणसे सगळीकडे असतात.

गोळी पाण्यात विरघळवली की शाई तयार. पण आपला तालुका पडला खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात शाईचा साका खाली बसे आणि टाक अडखळे. म्हणून पावसाळ्यात वळचणीखाली भांडे ठेवून आजोबा पाणी धरीत, फडक्याने गाळीत आणि बाटल्यांत भरून ठेवीत. घरात प्यायला खारे पाणी आणि दौतीला गोडे, असा थाट होता. आजी यावरून त्यांना आयुष्यभर टोमणे मारीत असे.

आणि आजीची गोष्ट सांगण्यासाठीच खरे तर मी हे लिहायला बसले आहे.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या माहेरची जमीन एका सावकाराच्या वहीत गेली होती. तिच्या वडिलांनी अंगठा कशावर दिला, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यामुळे लिहिणारा नवरा मिळाला याचा तिला फार अभिमान होता. पण त्या नवऱ्याने तिला दौतीला कधी हात लावू दिला नाही. "सांडशीन," एवढेच ते म्हणत. माझे आजोबा भले गृहस्थ होते. खतावणीत पैची चूक त्यांना खपत नसे. ही मात्र त्यांना चूक वाटली नाही, याचे मला वाईट वाटते.

तरी आजीने त्या वस्तूंवर जीव लावला. दसऱ्याला एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर बाबा काढीत, पण पाटी घासून लख्ख करी आजी. वर्ष संपले की बाबांच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने ती फाडून घेई, दाभणाने टोचून गोधडीच्या दोऱ्याने शिवी आणि नवी वही करी. "कागद वाया जाऊ देऊ नोको, बापू. कोऱ्या कागदाले काहीबी होता येते," असे ती म्हणे. बाबा पुढे कारकून झाले. कचेरीतली टाचणी चुकून खिशाला लागून घरी आली तर ते दुसऱ्या दिवशी परत नेत. हा धाक आजोबांचा, असे लोक म्हणत. बाबा म्हणतात, मायचा.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. पुढे काही वर्षांनी आमच्या वस्तीतही रात्रीचा वर्ग निघाला. पंचेचाळिशीची आजी पाटी घेऊन त्यात जाऊन बसली. आजोबा काही बोलले नाहीत. मात्र तिच्या उशाशी एके दिवशी पावसाच्या पाण्याची एक बाटली आणि टाक ठेवलेला होता.

आजोबा गेल्यावर आजीला बँकेत जावे लागले. खात्यावर तिचा अंगठा होता. समोरच्या माणसाने सवयीने शाईची गादी पुढे सरकवली. आजीने ती परत सरकवली. "म्या सही करतो," ती म्हणाली. नोंद अंगठ्याची आहे, बदलायला अर्ज लागेल, वेळ लागेल, असे उत्तर आले. पैशांची निकड होती, तरी ती तशीच घरी परतली. तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी तिने सही केली आणि मगच पैसे उचलले.

आपण ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका लिहितो, ते गाडगेबाबा १८७६ साली शेजारच्या शेंडगावात जन्मले. स्वतः निरक्षर राहून त्यांनी गावोगाव एकच सांगितले, ताट मोडा पण पोराला शिकवा. परीक्षेत पुरवणीला दोरा बांधताना मला गाडगेबाबा आठवतात, आणि गोधडीच्या दोऱ्याने वही शिवणारी आजीही.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. तिच्या पेटीत लुगड्यांखाली तिने शिवलेल्या पाच वह्या निघाल्या. चार कोऱ्या होत्या. पाचवीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिची सही होती, आधी वेडीवाकडी, मग सरळ. मध्ये कुठे कुठे आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा लिहिलेली.

आता कचेऱ्यांतून संगणक आले, सातबाराही डिजिटल सहीने मिळतो. ते चांगलेच आहे. पण वार्षिकांकासाठी लेख मागितला, तेव्हा मी कोऱ्या वह्यांपैकी एक काढली. हा लेख तिच्याच पानांवर लिहिला आहे. अजून तीन वह्या शिल्लक आहेत.